लँडलाइनवर आपलाच आवाज परत येतोय? गेटवे बदलण्याआधी हे तपासा

कोल्हापुरात गेल्या काही वर्षांत जुना ईपीएबीएक्स (ऑफिसातलं छोटं एक्स्चेंज) काढून आयपी फोन आणि त्यांना जुन्या लाइनशी जोडणारा डबा, म्हणजे गेटवे, बसवायचं काम बऱ्याच ठिकाणी झालं. शाहू मार्केट यार्डातले गुळाचे अडते, गुजरीतली सराफी दुकानं, शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतली फाउंड्रीची ऑफिसं. सगळ्यांची अट एकच असते, ०२३१ चा जुना नंबर जाता कामा नये. त्यांचं बरोबरच आहे. गुजरातचा व्यापारी वर्षानुवर्षं त्याच नंबरावर भाव विचारतो, बिलबुकावरही तोच छापलेला असतो. मग तांब्याची जुनी लाइन गेटवेला जोडली जाते, टेबलावर नवे फोन येतात, आणि दोन-चार दिवसांत निरोप येतो, "माझाच आवाज मला परत यायलाय, समोरचा काय बोलतोय कळंना झालंय."

पुढचं ठरलेलं असतं. लाइनमन येतो, आपला टेस्ट फोन थेट लाइनला लावतो, आवाज स्वच्छ येतो. तो 'लाइन ओके' लिहून जातो. गेटवे बसवणारा सांगतो की हाच डबा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे मस्त चालतोय, दोष लाइनचा आहे. दोघंही खरं बोलतात आणि मधल्या मध्ये दुकानदार अडकतो. काही जण कंटाळून गेटवे बदलतात आणि नव्या गेटवेवरही तोच इको, म्हणजे परत येणारा आपलाच आवाज, घेऊन बसतात.

इको त्या लाइनवर पहिल्यापासूनच होता. जुन्या सिस्टिममध्ये तो इतक्या लवकर परत यायचा की कानाला वेगळा कळायचाच नाही. नव्या सिस्टिमनं त्यात उशीर घातला आणि तो ऐकू यायला लागला. हे एकदा पटलं की दुरुस्तीचा क्रम आपोआप ठरतो. आधी परत फिरणारा आवाज कमी करायचा, मग आवाजाची लेव्हल नीट करायची, आणि इको कॅन्सलरकडे (इकोचा अंदाज शिकून तो वजा करणारा गेटवेतला भाग) सगळ्यात शेवटी जायचं. बहुतेक ठिकाणी काम याच्या बरोबर उलटं होतं.

आवाज परत का फिरतो

टेलिफोनच्या लाइनला दोनच तारा. आपलं बोलणं आणि समोरच्याचं बोलणं त्याच जोडीवरून जातं-येतं. गेटवेच्या आणि एक्स्चेंजच्या आत मात्र जाणारा रस्ता वेगळा आणि येणारा वेगळा, म्हणजे चार तारा. दोनाचे चार करणाऱ्या सर्किटला हायब्रिड म्हणतात. हे सर्किट समोरच्या लाइनचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) अमुक आहे असं धरून चालतं. प्रत्यक्षातली लाइन तशी नसली, तर जितका फरक तितका आपला बाहेर जाणारा आवाज येणाऱ्या रस्त्यात शिरतो. उसाच्या पाटातलं पाणी अरुंद मोरीपाशी आलं की थोडं मागं फुगतं, तसंच.

हायब्रिड चांगलं जुळलं असेल तर परत येणारा आवाज मूळ आवाजाच्या २० डेसिबल किंवा त्याहूनही खाली असतो. वाईट जुळलं असेल तर जेमतेम ६ डेसिबल खाली, म्हणजे सिग्नलचा जवळपास निम्मा व्होल्टेज मागं येतो.

आता उशिराचा हिशोब बघा. साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांच्या आत परत आलेला आपला आवाज मेंदू वेगळा धरत नाही. साध्या फोनमध्ये तर थोडासा आपला आवाज मुद्दाम आपल्याच कानात सोडलेला असतो, तो नसेल तर फोन मेल्यासारखा वाटतो. आयपी फोनमध्ये आधी २० मिलिसेकंदांचं बोलणं गोळा होऊन एक पॅकेट बनतं. पलीकडे मागं-पुढं आलेली पॅकेटं सावरून धरणाऱ्या जिटर बफरमध्ये ते आणखी ४०-६० मिलिसेकंद थांबतं. जाऊन-येऊन शंभर-दीडशे मिलिसेकंद सहज होतात. एवढ्या उशिरानं आलेला आवाज कानाला स्पष्ट वेगळा कळतो आणि माणूस बोलता बोलता अडखळतो.

म्हणूनच लाइनमनच्या टेस्ट फोनवर इको ऐकू न येणं हा लाइन निर्दोष असल्याचा पुरावा होत नाही. त्या फोनमध्ये उशीर नावाला नाही. लाइनवर किती आवाज मागं फिरतोय हे त्यातून कळायला मार्गच नसतो. घरघर, खरखर, हम (विजेची गुणगुण), एकाच बाजूचा आवाज, हे सगळं टेस्ट फोनवर कळतं. इको कळत नाही.

पहिला प्रश्न: आवाज कोणाला परत येतोय?

तक्रार घेताना हे विचारलंच पाहिजे, कारण ज्याला आपला आवाज परत ऐकू येतो त्याच्या पलीकडच्या टोकाला दोष असतो. आपल्या कारकुनाला स्वतःचा आवाज येत असेल तर आपल्या गेटवेचं लाइनकडचं तोंड, लाइन, किंवा समोरच्या पार्टीचा फोन, यांपैकी काहीतरी आहे. समोरच्या व्यापाऱ्याला त्याचा स्वतःचा आवाज येत असेल तर लाइनला हात लावू नका. आपल्या टेबलावरचा फोन, त्याचा स्पीकर, हँडसेट किंवा हेडसेट तपासा.

मग आपल्या लाइनचा दोष आणि पार्टीच्या फोनचा दोष वेगळा काढायचा. यासाठी एक साधी चाचणी आहे आणि ती फार थोडे लोक करतात. कोणाच्या तरी मोबाइलवर फोन लावा आणि त्याला म्यूट दाबायला सांगा. आता तुम्ही बोला. इको गेला, तर तो त्याच्या स्पीकरमधून माइकमध्ये शिरून येत होता. इको तसाच राहिला, तर तो तुमच्या गेटवे आणि लाइनच्या मधला आहे. दोन मिनिटांचं काम, आणि निम्मा गोंधळ तिथंच संपतो.

ऑफिसातल्या दोन एक्स्टेंशनमध्ये बोलून बघा. तिथं इको नसेल तर लॅन आणि फोन ठीक आहेत. तीन-चार लाइन असतील तर प्रत्येक लाइनवरून त्याच मोबाइलला फोन लावा. एकाच लाइनवर इको असेल तर त्या लाइनची वायरिंग बघायची. सगळ्या लाइनवर सारखाच असेल तर गेटवेच्या सेटिंगकडे जायचं. एखाद्याच नंबरावर बोलताना होत असेल तर तो त्या नंबराच्या बाजूचा आहे, आपल्याकडे त्याला औषध नाही.

किती उशिरानं येतोय हेही कानानं ओळखता येतं. रिसीव्हरमध्ये जिभेनं एकदा 'टक्' वाजवा. परत आलेलं टक् मूळ आवाजाला चिकटून, पिंपात बोलल्यासारखं वाटलं तर उशीर कमी. दोन टक् सुटे सुटे ऐकू आले तर शंभर मिलिसेकंदांच्या पुढं.

तारांचं काम आधी

सेटिंगच्या पानावर जाण्याआधी भिंतीकडे जा. जुन्या दुकानात एका लाइनवर काय काय टांगलेलं असतं याचा मालकालाही पत्ता नसतो. मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात भिंतीवरच्या रोझेटपासून (तारा जोडायची डबी) गेटवेपर्यंतची तार स्वच्छ दिसत होती, तरी त्या एका लाइनवर इको जात नव्हता. रोझेट उघडला तर आत दोन जोड्या. एक गेटवेकडे, दुसरी चुना मारलेल्या पट्टीखालून मागच्या गोदामात. तिथं गुळाच्या रव्यांच्या थप्पीमागं बंद पडलेला फॅक्स, आणि त्याच्या अलीकडे चिकटपट्टी गुंडाळलेला जोड. पट्टी सोडवली तेव्हा तांबं हिरवं पडलेलं, बोट लावलं की भुकटी. ती फांदी रोझेटपाशीच तोडली आणि इको तिथल्या तिथं निम्म्याहून खाली आला. अजून एकही सेटिंग बदललेलं नव्हतं.

अशी प्रत्येक फांदी लाइनचा इम्पीडन्स बदलते. समांतर जोडलेला दुसरा फोन, जुना कॉलर आयडीचा डबा, गोदामातली जादा घंटी, कार्ड स्वाइपचं मशीन, अलार्मचा डायलर, आणि ब्रॉडबँड तांब्यावरून असेल तर फिल्टर न लावता घुसवलेला फोन. सगळं काढा. लाइन बाहेरून आली की थेट गेटवेत जाऊ द्या, मध्ये एक रोझेट पुरे. ब्रॉडबँड असेल तर स्प्लिटर पहिल्यांदा, आणि त्याच्या फोनच्या तोंडातून गेटवे. एखादा समांतर फोन मालकाला हवाच असेल तर तो गेटवेच्या मागून एक्स्टेंशन म्हणून द्या. लाइनवर नको. कारण चालू कॉलमध्ये तो कोणी उचलला की इम्पीडन्स मध्येच बदलतो आणि कॅन्सलरनं शिकलेलं सगळं वाया जातं. 'मध्येच इको सुरू होतो' या तक्रारीमागं अनेकदा हेच असतं.

आतली वायर पीळ असलेलीच वापरा. चपटी समांतर वायर दोन-चार मीटरपुरती ठीक, विजेच्या पट्टीतून तीस मीटर ओढली तर हम घेऊन येते, आणि हम असला की कॅन्सलरचं काम बिघडतं. जोड पिळून टेप मारायचा नाही. जेल भरलेला दाबायचा कनेक्टर लावा, तो काही रुपयांचा असतो.

मल्टिमीटर लावून दोनच आकडे बघा. फोन ठेवलेला असताना लाइनवर ४८ व्होल्टच्या आसपास डीसी हवा, उचलल्यावर तो ६ ते १२ व्होल्टवर यावा. ठेवलेल्या लाइनवर व्होल्टेज बरंच कमी दिसलं, किंवा पाऊस लागला की कमी होत जात असेल, तर कुठंतरी गळती आहे. आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या झडीत पिलर आणि डीपी बॉक्समध्ये (टेलिफोनच्या तारा जोडायचे बाहेरचे खोके) ओल शिरते, पंचगंगेचं पाणी चढतं तेव्हा खालच्या पेठांतले जोड दिवसचे दिवस भिजतात. ही गळती इको वाढवते आणि सोबत हम, खरखरही आणते. ती दुरुस्ती टेलिफोन कंपनीचीच, आपण सेटिंगनं झाकायला जाऊ नये. मोजताना तारेला उघडा हात लावू नका, रिंग आली तर ७५ व्होल्टच्या आसपास एसी असतो, आणि ओल्या हाताला तो चांगलाच जाणवतो.

इम्पीडन्स जुळवणं

गेटवेच्या लाइनकडच्या पोर्टला एफएक्सओ म्हणतात. त्याच्या पानावर देश किंवा एसी टर्मिनेशन इम्पीडन्स असं सेटिंग असतं. बऱ्याच डब्यांत आणि कार्डांत ते कारखान्यातून अमेरिकेवर येतं. अ‍ॅस्टेरिस्क या फुकट एक्स्चेंज सॉफ्टवेअरसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या अ‍ॅनालॉग कार्डांचा ड्रायव्हरही काही सांगितलं नाही तर अमेरिकेचाच मोड धरतो. त्यात भारत निवडता येतो, तो निवडा. इथून सुरुवात.

पण देश निवडला म्हणजे काम झालं असं नाही. ६०० ओहम हा आकडा सगळीकडे छापलेला असतो, प्रत्यक्षातली तांब्याची जोडी मात्र नुसता रोध नसते. ०.५ मिलिमीटरच्या तारेच्या जोडीला दर किलोमीटरला १७० ओहमच्या आसपास रोध, ०.४ च्या तारेला २७० च्या आसपास, आणि शिवाय दोन तारांमधली कपॅसिटी. त्यामुळे एक्स्चेंजच्या शेजारची लाइन आणि गावाबाहेरची लांब लाइन एकाच सेटिंगला सारखी वागत नाही. मेनूमध्ये ६०० ओहमसोबत २७० ओहम अधिक ७५० ओहम समांतर १५० नॅनोफॅरड असे लांबलचक पर्याय दिसतात, ते याचसाठी. लांब लाइनला असा पर्याय जास्त जुळण्याची शक्यता असते. एकेक पर्याय लावा, त्याच मोबाइलला फोन करा, म्यूट दाबायला लावा, टक् वाजवा आणि वहीत लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

काही गेटवेंत हे आपोआप शोधायची सोय असते, ती जरूर वापरा. अ‍ॅस्टेरिस्कच्या कार्डांसाठी एफएक्सओट्यून नावाचं टूल आहे. ते लाइनवर टोन सोडून परत किती येतो ते मोजतं आणि प्रत्येक पोर्टसाठी सगळ्यात कमी इको देणारं सेटिंग फाइलमध्ये लिहून ठेवतं. ते चालवताना अ‍ॅस्टेरिस्क बंद हवा, आणि त्याला बराच वेळ लागतो, म्हणून दुकान बंद झाल्यावर लावा. मशीन पुन्हा सुरू झालं की ही फाइल ड्रायव्हरला परत द्यावी लागते. ती ओळ स्टार्टअपमध्ये घातली नाही तर पहिल्या लोडशेडिंगनंतर इको परत हजर, आणि 'काल तर गेला होता' अशी तक्रार येते. लाइन एका पोर्टवरून दुसऱ्यावर हलवली किंवा बाहेरची जोडी बदलली, तरी ट्यूनिंग नव्यानं करायचं.

गेन वाढवणं हेच बऱ्याचदा मूळ असतं

मला सगळ्यात जास्त तळमळीनं सांगायचं आहे ते हे. आवाज बारीक येतो म्हणून बसवणाऱ्यानं येणारा गेन (आवाज किती वाढवायचा ते सेटिंग) ६ डेसिबल वाढवलेला असतो. समोरच्यालाही बारीक ऐकू जातो म्हणून जाणाराही ६ वाढवलेला असतो. इको मात्र दोन्हीतून जातो. आपला आवाज जाताना ६ नं वाढला, हायब्रिडवर आपटून परत फिरला, येताना आणखी ६ नं वाढला. म्हणजे इको १२ डेसिबलनं वाढला. हायब्रिडनं तो १२ डेसिबल खाली ठेवला असेल, तर सगळी कमाई गेली. परत येणारा आवाज मूळ आवाजाइतकाच मोठा झाला.

यातलं जास्त नुकसान पुढं होतं. इको कॅन्सलरसाठीचं आयटीयूचं (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ) मानक जी.१६८ असं गृहीत धरतं की परत येणारा आवाज निदान ६ डेसिबल खाली असेल. तेवढा नसेल तर कॅन्सलरला इको कुठला आणि समोरचा माणूस कुठला हेच कळत नाही. शिवाय जोरात बोलताना सिग्नलचं डोकं कापलं गेलं, तर तो इको मूळ आवाजाची सरळ नक्कल राहत नाही, आणि कॅन्सलरला वजा करता येते ती सरळ नक्कलच.

म्हणून दोन्ही गेन आधी शून्यावर आणा. मग जाणारा २-३ डेसिबलनं खाली घेऊन बघा, समोरच्याला फरक जाणवत नसेल तर तिथंच ठेवा. इम्पीडन्स जुळल्यावरच येणारा एकेका डेसिबलनं वर घ्या. फोन खरंच बारीक वाटत असेल तर टेबलावरच्या फोनचा आवाज वाढवा.

कॅन्सलर

१९६० च्या दशकात दूरचे कॉल उपग्रहावरून जायला लागले. उपग्रह ३६,००० किलोमीटरवर, त्यामुळे आपला आवाज परत यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ. तोपर्यंत वापरात असलेला सप्रेसर एक जण बोलताना दुसऱ्याची बाजू दाबून टाकायचा, दोघं एकदम बोलले की शब्द तुटायचे. बेल लॅब्जमध्ये मनमोहन सोंधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इको दाबण्याऐवजी त्याचा अंदाज बांधून तो वजा करायची युक्ती काढली. सोंधींचा लेख १९६७ साली प्रसिद्ध झाला. आज प्रत्येक गेटवेत जे चालतं ते याच कल्पनेवर.

कॅन्सलर आपला जाणारा आवाज ऐकतो आणि त्याची कुठली छटा किती उशिरानं परत येते ते शिकतो. म्हणून कॉलच्या सुरुवातीला क्षणभर इको येऊन गेला तर ते स्वाभाविक आहे. तेवढ्यासाठी काही बदलू नका.

टेल लेंग्थबद्दल, म्हणजे कॅन्सलर किती उशिरापर्यंतचा इको सांभाळतो त्याबद्दल, मात्र गैरसमज फार आहे. कॅन्सलर गेटवेत बसून लाइनकडे तोंड करून असतो. त्याला फक्त त्याच्यापासून हायब्रिडपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ सांभाळायचा असतो. लॅनमधला, जिटर बफरमधला उशीर त्याच्या पाठीमागं असतो, त्याचा टेलशी संबंध नाही. सेकंदाला ८,००० नमुने आणि एक टॅप एका नमुन्याचा, म्हणजे १२८ टॅप १६ मिलिसेकंद सांभाळतात आणि २५६ टॅप ३२. आपल्या पोर्टवरच्या इकोला एवढं भरपूर होतं. उगाच मोठा टेल दिला की सॉफ्टवेअरचा कॅन्सलर हळू शिकतो. अ‍ॅस्टेरिस्कवर असाल आणि मूळ कॅन्सलर पुरत नसेल, तर डेव्हिड रो यांचा ऑसलेक वापरून बघा. तो फुकट आहे आणि बिघडलेल्या लाइनवर चांगला टिकतो.

कॅन्सलरचा नॉन-लिनियर प्रोसेसर उरलासुरला इको कापतो. तो फार कडक ठेवला तर समोरच्याची वाक्यं सुरुवातीला तुटतात. भाव सांगताना 'साडे' गिळला गेला तर अडत्याचं खरंच नुकसान आहे, तेव्हा तो बेतानंच.

फाउंड्रीच्या ऑफिसात तक्रार समोरच्याची असते. मोल्डिंगच्या आवाजात ऐकू यावं म्हणून स्पीकर पूर्ण वाढवलेला, आणि तो काचेच्या टेबलावर. तिथं चांगला हेडसेट द्या, विषय संपला.

फायबरच्या डब्यातून आलेली लाइन

आता बऱ्याच ठिकाणी तांबं जाऊन फायबर आलं आणि लँडलाइन ओएनटीच्या, म्हणजे फायबर जिथं संपतं त्या डब्याच्या, फोनच्या तोंडातून मिळते. गेटवे तिथं जोडला की तार जेमतेम मीटरभर, ओल नाही, जोड नाही. तरी इको येतो. एक कारण म्हणजे लाइन अगदी आखूड असल्यानं लेव्हल मोठी येते, तेव्हा गेन शून्याच्याही खाली घ्यावा लागतो. दुसरं कारण आपल्या हातात नाही. ओएनटीच्या पुढं आवाज पुन्हा पॅकेटमधून जातो, त्यामुळे समोरच्या टोकाचा इको शंभरहून जास्त मिलिसेकंदांनी येतो, आपल्या ३२ मिलिसेकंदांच्या टेलच्या कितीतरी पलीकडे. तो त्या टोकाच्या कॅन्सलरनंच काढायला हवा. तक्रार देताना कोणत्या नंबरावर, किती वाजता, इको कोणाला आला आणि समोरच्यानं म्यूट दाबल्यावर राहिला की गेला, एवढं लिहून द्या.

इथं माझा सल्ला स्पष्ट आहे. आवाज डिजिटल येतो, डब्यात अ‍ॅनालॉग होतो आणि मीटरभर पुढं पुन्हा डिजिटल होतो, यात दोन हायब्रिड फुकट घुसतात. कंपनी तोच ०२३१ चा नंबर सिप ट्रंकवर (थेट डिजिटल येणारी लाइन) देत असेल तर तो घ्या, गेटवे काढून टाका. फक्त अर्ज देण्याआधी त्या लाइनवर फॅक्स, स्वाइप मशीन किंवा अलार्मचा डायलर अजून चालतोय का ते बघा. चालत असेल तर त्याच्यापुरती एक अ‍ॅनालॉग लाइन वेगळी ठेवायला सांगा.